वरची ओळ



कोजागिरीच्या रात्री आपल्या मंडळाच्या गच्चीवर दूध आटत होतं. तरुण मंडळी अंताक्षरी सोडून गप्पांना बसली होती. तेवढ्यात आपल्यातल्याच एका नव्या सूनबाईने मला विचारलं, “काका, तुमच्या बायबलमध्ये बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं असं लिहिलंय ना? मग काकू नाइट ड्यूटीला कशा जातात?” तिचा नवरा खो खो हसला. आमची ही शेजारीच वेलची कुटत होती. तिने मान वर न करता एवढंच म्हटलं, “त्यांना विचार. त्या वाक्यावर त्यांचा चांगला अभ्यास झालाय.”

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. दूध उतू जायच्या बेतात होतं, म्हणून मी तेव्हा सुटलो. पण संपादकताई तिथेच होत्या आणि त्यांनी ते धरून ठेवलं. “नाताळच्या अंकात हेच लिहा,” म्हणाल्या. तेव्हा सूनबाई, हे तुझ्यासाठी. आणि हसणाऱ्या तुझ्या नवऱ्यासाठी थोडं जास्त.

आम्ही मूळचे नगरचे. मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये हिशेब सांभाळायला आलो आणि सुरतचाच झालो. ही नर्स. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत एक तरी नर्स आणि एक तरी शिक्षक असतोच, तसं आमचंही. लग्नाआधीपासून ती नोकरी करत होती, मला ते आवडतही होतं. म्हणजे पगार आवडत होता आणि ड्यूटी आवडत नव्हती, असं आता म्हणायला हरकत नाही.

ऑगस्ट २००६चा पूर तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत नसेल. काही जण तेव्हा शाळेत असतील, काहींच्या घरी तेव्हा सुरतचा पत्ताही नसेल. उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून शहरात घुसलं आणि सुरतचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. आम्ही अडाजणला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. सोमवारी, ७ तारखेला सकाळी पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या. मी हिला म्हटलं, “आज जाऊ नकोस.” ती म्हणाली, “आज तर जायलाच हवं. रात्रपाळीच्या मुली अडकल्या तर वॉर्डात कोण राहणार?” निघताना माझ्या आईचं इन्सुलिन दाखवून म्हणाली, “लाइट गेली तर हे ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवा.” मी उत्तर दिलं नाही. रागावल्यावर मी उत्तर देत नाही, ही माझी जुनी खोड.

रात्रीपर्यंत पार्किंग गेलं, मग तळमजला गेला. तळमजल्यावरचं गुजराती कुटुंब आमच्याकडे आलं. लाइट नाही, फोन नाही, नळाला पाणी नाही आणि चारी बाजूंना पाणीच पाणी. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन. तो सारखा “आई कुठाय” विचारत होता. हेलिकॉप्टरमधून खाण्याची पाकिटं टाकत होते. गच्चीवरच्या गर्दीत मला दोन मिळाली. इन्सुलिन ओल्या फडक्यात माठाजवळ नीट टिकलं. तीन दिवस मी आईला सुई देत होतो आणि प्रत्येक सुईच्या वेळी बायकोवर जास्तच चिडत होतो. तिच्याच सांगण्यामुळे आई ठीक होती, हे काही मनात आलं नाही.

चौथ्या दिवशी पाणी ओसरायला लागलं तेव्हा ती कोणाच्या तरी ट्रॅक्टरवरून आली. गुडघ्यापर्यंत चिखल, तोच युनिफॉर्म, डोळे आत गेलेले. मी दार उघडलं आणि म्हटलं, “मी नको म्हटलं होतं.”

ती आत गेली. मुलांना जवळ घेतलं, आईची साखर विचारली, आंघोळीला पाणी नव्हतं म्हणून ओल्या टॉवेलने अंग पुसलं आणि झोपली. माझ्या वाक्याला तिने उत्तर दिलं नाही. पुढचे पाचसहा आठवडे आमच्या घरात बोलणं होतं, पण ते दूध, शाळेची फी, गॅस एवढ्यापुरतं. तुमच्यापैकी ज्यांचं लग्न होऊन दोनचार वर्षं झाली असतील त्यांना हे बोलणं ओळखीचं असेल. भांडण त्यापेक्षा बरं.

सप्टेंबरात तिला पुन्हा रात्रपाळी लागली. मी म्हटलं, नोकरी सोड. ती म्हणाली, नाही. रविवारी चर्चहून आल्यावर मी पवित्र शास्त्र काढलं, पौलाचं इफिसकरांस पत्र उघडलं, पाचवा अध्याय, बाविसावं वचन. पत्नींनी पतीच्या अधीन असावं, असा त्याचा अर्थ. मोठ्याने वाचलं. आई ऐकत होती, मुलं ऐकत होती. माझ्या मते विषय संपला होता.

ती हात पुसत बाहेर आली, माझ्या मांडीवरच्या पुस्तकावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “वरची ओळ वाचा.”

वरची ओळ म्हणजे एकविसावं वचन. त्यात पौल सगळ्यांनाच सांगतो की ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. *एकमेकांच्या.* मी लहानपणापासून हा अध्याय ऐकत आलो होतो, लग्नांमध्ये तर कितीदा. पण पाळकांनी वाचायला सुरुवात करावी तीच बाविसाव्यापासून, असा माझ्या कानांना सराव.

“आणि खाली नवऱ्यांना काय सांगितलंय तेही वाचा, मी तोवर कुकर लावते,” असं म्हणून ती आत गेली.

खाली पंचविसाव्यापासून नवऱ्यांचं सुरू होतं. बायकांना तीन वचनं आणि नवऱ्यांना त्याच्या दुपटीहून जास्त. ख्रिस्ताने मंडळीवर जशी प्रीती केली, तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी प्रीती करा, असं सांगणं आहे. तो ख्रिस्त म्हणजे शिष्यांचे पाय धुणारा, गुलामाचं काम करणारा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी वाचत बसलो. जेवताना कोणी काही बोललं नाही.

पण माघार घ्यायची कशी? मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो. सुरतेतल्या चर्चची उपासना गुजरातीत चालते. इथे आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात काम सुरू केलं, पुढे १९७०मध्ये तो सगळा वारसा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आला, आणि आमच्यासारखे नगरकडून आलेले मराठी त्यात गुजराती गीतं गात मिसळून गेले. मला वाटलं, पुरुष माणूस आहेत, माझी बाजू घेतील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि गुजरातीत सांगितलं ते असं: सगळ्यांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ‘अधीन असा’ हे शब्द एकविसाव्यातून उसने घ्यावे लागतात. म्हणजे वरची ओळ काढली तर खालच्या वाक्याचा अर्थच लागत नाही. मग त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, “ती तीन दिवस तिथे होती. तिथे काय झालं?”

मला माहीत नव्हतं. दीड महिना झाला होता आणि मी विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग घरी जाऊन विचारलं असेल. नाही. पाय जड झाले होते. ज्याने सहा आठवडे विचारलं नाही त्याला सातव्या आठवड्यात विचारणं जास्त अवघड जातं. ते झालं दिवाळीच्या सुट्टीत, एसटीत.

नगरला जाताना आम्ही तेव्हा सापुताऱ्यावरून नाशिकची बस धरायचो. मुलं माझ्या आईजवळ पुढच्या सीटवर झोपली होती. ही खिडकीशी बसून एक जुनं, पुठ्ठा निघालेलं पुस्तक वाचत होती. तिच्या आजीचं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. घाट उतरल्यावर ती म्हणाली, “नाशिक आलं की लक्ष्मीबाईंचं माहेर जवळ. जलालपूर.” बऱ्याच दिवसांनी ती दूध-फी-गॅस सोडून काही बोलली होती, म्हणून मी पुस्तक मागून घेतलं.

तुमच्यापैकी अनेकांनी त्यातला एखादा उतारा शाळेत वाचला असेल. लक्ष्मीबाई गोदाकाठच्या, कडक सोवळ्याच्या घरातल्या. लहान वयात लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी, विद्वान, तापट आणि पैशाच्या बाबतीत ओंजळीला भोक असलेला माणूस. १८९३मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको तेव्हा माहेरच्या माणसांत होती. तिला बातमी नंतर कळली.

इथे मी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आमच्या ख्रिस्ती घरांमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं गातच आम्ही मोठे झालो, त्यांना आम्ही जवळजवळ संतच करून टाकलंय. पण त्या दिवशी त्यांनी बायकोवर अन्याय केला. श्रद्धा बदलणं हा त्यांचा हक्क होता. मात्र ज्या निर्णयाने तिचं घर, जात, पंगत, नातीगोती सगळं एका दिवसात उलटंपालटं होणार होतं, तो तिला सोबत न घेता झाला. नवरा जिवंत असून ती नवऱ्याविना झाली. पदरी दत्तू, चार वर्षांचाही नसेल. नाशिक, जलालपूर, पंढरपूर असे नातेवाइकांच्या आधाराने तिचे दिवस गेले. जवळजवळ पाच वर्षं.

त्या काळी कायदा कोणाच्या बाजूने होता, हे बहुतेकांना माहीत नसतं. इंग्रज सरकारने १८६६ साली एक कायदा केला होता. माणूस ख्रिस्ती झाला आणि त्यामुळे नवऱ्याने किंवा बायकोने त्याला सहा महिने टाकलं, तर धर्मांतर केलेल्याला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश समोरच्याला विचारी, नकार आला तर एक वर्ष थांबून पुन्हा विचारी, आणि तरीही नकार असला तर लग्न मोडून देई. मग दोघंही दुसरं लग्न करायला मोकळे. सहा महिने आणि एक वर्ष. टिळकांकडे पाच वर्षं होती. त्यांनी तो रस्ता धरला नाही. पत्रं लिहीत राहिले. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आहे: एक जण विश्वासात आला आणि दुसरा नाही, तर काय करायचं? पौल म्हणतो, ती सोबत राहायला तयार असेल तर त्याने तिला सोडू नये; आणि बायको विश्वासात आलेली असेल तर तिलाही अगदी तेच. तो अध्याय वाचताना गंमत वाटते, नवऱ्याला एक वाक्य सांगितलं की लगेच तेच वाक्य बायकोच्या बाजूने. जणू तराजू हातात धरून लिहीत होता.

शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला टिळकांकडे गेल्या. पण ख्रिस्ती होऊन नव्हे. आपलं सोवळं घेऊन गेल्या. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायच्या, ख्रिस्ती माणसाच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आणि टिळकांनी ते चालू दिलं. एवढा तापट माणूस! बायबलची पानं मुखोद्गत असतील त्यांना. बाविसावं वचन काही त्यांच्यापासून लपलेलं नव्हतं. ते काढून तिच्यासमोर धरणं किती सोपं होतं! एकदा न विचारता केलेल्या गोष्टीची परतफेड म्हणून असेल किंवा प्रेम म्हणून असेल, या वेळी त्यांनी तिला तिच्या पायांनी चालू दिलं. देवाने जात केली की माणसाने, हा प्रश्न तिचा तिला पडला, उत्तर तिचं तिने शोधलं. बाप्तिस्मा १९०० साली घेतला.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीचं झालं असं नाही, बरं का. पुस्तकात टिळकांचा संताप, विसराळूपणा, घरात दमडी नसताना दानधर्म, सगळं आहे. त्या नवऱ्याला पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात आणि त्यांची चांगली खिल्ली उडवतात. घर अनाथ मुलांनी आणि विद्यार्थ्यांनी भरलेलं. आपल्या खान्देशच्या मंडळींसाठी सांगतो, धरणगावचे बालकवी ठोंबरे याच घरात मुलासारखे राहिले, आणि ते हिंदूच राहिले.

टिळक ९ मे १९१९ला गेले. ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या चरित्राचं महाकाव्य त्यांनी सुरू केलं होतं, ते सुरुवातीच्या दहाएक अध्यायांवर राहिलं. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहाने अक्षरं गिरवलेल्या बाईने! कोणी सांगितलं नव्हतं, नवरा तर नव्हताच. ‘अधीन’ या शब्दाचा अर्थ मला विचाराल तर मी त्या ६४ अध्यायांकडे बोट दाखवीन, आणि त्याआधी नगरच्या त्या घरातल्या तिच्या वेगळ्या चुलीकडे. पहिल्यात ती त्याचं काम उचलते, दुसऱ्यात तो तिचा हट्ट सांभाळतो. ‘एकमेकांच्या’ आलं ना त्यात?

एवढं सगळं मला त्या बसमध्ये सुचलं नव्हतं. तेव्हा मी वीसएक पानं चाळली असतील. मध्येच एका पानापाशी थांबलो, पुस्तक मिटलं आणि विचारलं, “पुरात तिथे काय झालं गं?”

तिने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग सांगायला लागली. जनरेटर पाण्यात गेला होता. खालच्या वॉर्डातले पेशंट चादरींची झोळी करून जिन्याने वर नेले. चार नर्स, दोन वॉर्डबॉय, एक डॉक्टर. एक बाळंतपण टॉर्चच्या उजेडात झालं, टॉर्च धरायला त्या बाईचा सासरा, तोंड भिंतीकडे करून उभा. मुलगी झाली. एक आजोबा गेले आणि त्यांना बाहेर काढता येईना, दीड दिवस ते तिथेच होते. त्यांच्या म्हातारीशेजारी ही बसून राहायची, ड्यूटी संपली की. संपायची तरी कुठे म्हणा. “तिला कोणी बोलायला नव्हतं. मी आपली दत्तासारखी उभी,” असं म्हणून ती हसली आणि मग रडायला लागली. म्हणाली, “रात्री गच्चीवर जाऊन अडाजणच्या दिशेला बघायचे. सगळा काळोख. आईंची सुई तुम्हाला जमली असेल का, एवढंच मनात यायचं.”

“जमली,” मी म्हटलं. “फडकं ओलं ठेवलं होतं. इन्सुलिन टिकलं.”

“हे तुम्ही मला आत्ता सांगताय?”

खरंच, तेही मी सांगितलं नव्हतं. तीन महिने ती त्या फडक्याची काळजी घेऊन हिंडत होती, आणि मी रागाच्या भरात तेवढं एक वाक्यसुद्धा तिला दिलं नव्हतं. मी म्हटलं, चुकलो. नाशिकच्या स्टँडवर आम्ही दोघांनी एकाच कपात चहा प्यायला, कारण सुटे पैसे आईकडे होते आणि आईला उठवायचं जिवावर आलं होतं.

नोकरीचा विषय तिथे संपला, असं समजू नका. पुढे दोन वर्षं आम्ही त्यावर वाद घातले. मी काही ठिकाणी हट्ट सोडला, तिनेही सोडला. मुलगा पहिलीत जाईपर्यंत तिने रात्रपाळ्या कमी करून घेतल्या आणि पगारातली कपात सोसली. ती तिची इच्छा नव्हती, माझ्यासाठी केलेली गोष्ट होती. मी पोळ्या शिकलो. त्या अजूनही सुरतच्या नकाशासारख्या होतात. भांडण झालं की मी आजही गप्प बसतो, पण आता ती दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ विचारते, “काय झालंय ते सांगा, मी मनकवडी नाही.” पौलानेच त्या पत्रात म्हटलंय की राग मावळतीपर्यंत ठेवू नका. आमच्या घरात ती मुदत दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत वाढवून घेतली आहे.

सूनबाई, तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. काकू नाइट ड्यूटीला कशा जातात? आता ती मॅट्रन आहे, तशी रात्री जायची गरज नसते. पण जुलै-ऑगस्टमध्ये उकाईची पातळी वाढायला लागली की तिच्या वॉर्डातल्या मुलींना घरी जायला सांगून ती स्वतः थांबते. पूर्ण पातळी ३४५ फूट. पावसाळ्यात सकाळचा पेपर आला की मी आधी तो आकडा बघतो, आणि तो चढायला लागला की कपाटावरची निळी पिशवी खाली काढतो. त्यात दोन जोड कपडे, बिस्किटं, टॉर्च, जादा सेल आणि पाण्याच्या दोन बाटल्या. पिशवी मी भरतो. यंदा सेल घालायला विसरलो होतो. तिने दारातून परत येऊन मागितले.